फ्लॉपीवाला सोनी मॅविका गोव्यात कोणी कोणी वापरला? अनुभव लिहा, आणि फ्लॉप्या टाकू नका

मांडवीकाठ

१९९७ पासून पुढची पाच-सहा वर्षं ज्यांच्या घरी सोनीचा फ्लॉपीवर फोटो घेणारा मॅविका होता, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. डिचोलीचे असा, फोंड्याचे असा, पेडण्याचे नाही तर काणकोणचे असा, लिहा. कॅमेरा तुमचा नव्हता पण त्यानं काढलेल्या फोटोंची फ्लॉपी घरात कुठंतरी पडलीय, असे लोक तर हवेच आहेत. का ते पुढं येईलच.

आमच्याकडे एमव्हीसी-एफडी७ होता. काका कुवेतला नोकरीला, रजेवर येताना घेऊन आले. त्या वर्षांत आपल्याकडे असले कॅमेरे दिसायचे ते बहुतेक असेच, आखातातून नाही तर तारवटींच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या, बॅगेतून आलेले. १९९७ साली सोनीनं एफडी५ आणि एफडी७ अशी दोन मॉडेलं काढली. पाचला झूम नव्हता, सातला १० पट ऑप्टिकल झूम. फोटो दोन्हींचा ६४० बाय ४८०, आजच्या भाषेत ०.३ मेगापिक्सेल. बाजूचं दार उघडायचं आणि कॉम्प्युटरला लागते तीच साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी आत सरकवायची. फाइनवर ठेवला तर १५ ते २० फोटो, स्टँडर्डवर ३० ते ४०. बटण दाबलं की आत फ्लॉपी फिरल्याचा आवाज यायचा आणि फोटो लिहून होईपर्यंत काही सेकंद थांबावं लागायचं. डोळा लावून बघायचं भिंग नाही, सगळं मागच्या स्क्रीनवर, त्यामुळं भर दुपारी मिरामारला अंदाजानंच फोटो काढायचा.

झूमचं कौतुक सगळे करतात, ते खरंही आहे. पण माझ्या मते या कॅमेऱ्याचा मोठेपणा वेगळाच होता. काढलेला फोटो तिथल्या तिथं दुसऱ्याच्या हातात देता येत होता. त्या वेळच्या बाकीच्या डिजिटल कॅमेऱ्यांना सिरियल केबल लागे, त्यांचं सॉफ्टवेअर टाकावं लागे. कार्ड असलंच तर इतकं महाग की कोणी कुणाला द्यायचं नाव काढत नसे. फ्लॉपी मात्र स्टेशनरीच्या दुकानात मिळायची आणि शाळेत, ऑफिसात, सायबर कॅफेत कुठंही चालायची. साखरपुडा झाला, फ्लॉपी काढली, मुलीकडच्यांना दिली. गणेश चवथीला मुंबईहून आलेले पाहुणे परत निघाले, दिली त्यांच्या हातात.

आणि नेमकं तिथंच पाणी मुरलं. रोलचे फोटो वाटले तरी निगेटिव्ह आपल्याकडे राहायची. फ्लॉपी दिली की मूळ फोटोच गेला. हार्ड डिस्क दोन-चार जीबीच्या, त्यामुळं कॉपी करून ठेवायची सवय फारशी कुणाला नव्हती. आज त्या वर्षांतले आमच्या घरचे कितीतरी फोटो आमच्याकडे नाहीत, ते दुसऱ्याच कुणाच्या कपाटात आहेत. आणि ज्यांच्या कपाटात आहेत त्यांना वाटतं, फ्लॉपी म्हणजे आता कचरा. तसं नाही, म्हणून हे लिहितोय. फ्लॉप्या शोधा.

वाळपईवाट

मांडवीबाब, विषय काढलात ते बरं झालं. मी त्या काळात एका दैनिकासाठी सत्तरीतून बातम्या द्यायचो. हाती एफडी७३ होता, तुमच्या एफडी७ च्या नंतरचा, झूम तोच १० पट.

त्याआधीची पद्धत सांगतो. म्हादईला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, की रोलचे तीन-चार फोटो काढायचे, उरलेला रोल तसाच गुंडाळायचा, साखळीला किंवा म्हापशाला जाऊन धुऊन घ्यायचा आणि प्रिंट पणजीला पोचवायची. फोटो दुसऱ्या दिवशीच्या अंकात आला तर नशीब. मॅविका आल्यावर मजकूर फॅक्सनं आणि फ्लॉपी कदंबच्या सरकारी बसनं. जाड पाकिटात पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मधे फ्लॉपी, वर ऑफिसचं नाव. पणजीच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं, तिकडं स्टँडवर ऑफिसचा मुलगा उभा. कितीतरी कंडक्टरांनी हे काम एक पैसा न घेता केलं, त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

०.३ मेगापिक्सेलला कोणी नाकं मुरडतील म्हणून सांगतो, वर्तमानपत्राच्या कागदाला तेवढं पुरे होतं. ६४० पिक्सेल दोन कॉलममध्ये, म्हणजे साधारण आठ सेंटिमीटरमध्ये बसवले तर इंचाला दोनशे पिक्सेल पडतात. त्या छपाईचे ठिपकेच इतके जाड असायचे की याहून बारीक फोटो दिला तरी फरक कळला नसता. तीन कॉलमला ताणला की मात्र चेहरे फुटायचे.

तुमचा हातात देण्याचा मुद्दा मला वेगळ्या बाजूनं लागू पडतो. पणजीला गेलेली फ्लॉपी फोटोंसकट कधी परत आली नाही. ऑफिसात ती पुसून दुसऱ्या कामाला वापरली जायची. सत्तरीतल्या त्या पावसाळ्यांचे माझे फोटो अंकात छापलेत तेवढेच शिल्लक.

झुवारीपलीकडे

मी मडगावची. कॅमेरा आमच्याकडे नव्हता, पण बाबांच्या पेटीत फ्लॉप्यांचा एक प्लॅस्टिकचा डबा मिळालाय. लेबलांवर "जत्रा", "नाटक", "वरचा वाडा" असं बाबांच्या अक्षरात लिहिलंय. बाबा आता नाहीत, त्यामुळं विचारायचं कुणाला? एका फ्लॉपीची धातूची पट्टी सरकवून बघितली, तर आतल्या काळ्या चकतीवर बारीक पांढरे ठिपके आहेत, कोपऱ्यात जाळीसारखं काहीतरी. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवलाय, उद्या येईल. सरळ घालून बघू का?

सर्किट_फोंडा

ताई, थांबा. घालू नका. ते ठिपके म्हणजे बुरशी.

ड्राइव्हचं वाचणारं हेड चकतीला टेकून चालतं, अधांतरी नाही. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते. बुरशी हेडला चिकटते, हेड चकतीवर ओरखडे काढतं आणि तोच मळ पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर जातो. एका खराब फ्लॉपीनं आख्खा डबा वाया गेलेला मी पाहिलाय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटात काय हवा असते ते वेगळं सांगायला नको. चामड्याच्या चपलेला बुरशी लागते, तिथं फ्लॉपीचं काय.

आधी प्रत्येक फ्लॉपी अशीच पट्टी सरकवून उजेडात बघा. मागच्या बाजूला मधोमध धातूची गोल चकती आहे, ती बोटानं हळूहळू फिरवली की आतला सगळा भाग डोळ्याखालून जातो. स्वच्छ दिसतात त्या एका बाजूला, ठिपकेवाल्या दुसऱ्या. स्वच्छ आधी वाचायच्या, ठिपकेवाल्या शेवटी.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. धागे न सुटणारा बड अल्कोहोलमध्ये ओलसर करायचा, निथळता नको. चकती फिरवत दोन्ही बाजूंनी अलगद पुसायची. पूर्ण सुकू द्यायची. मगच ड्राइव्ह. ठिपकेवाली फ्लॉपी वाचून झाली की ड्राइव्हचं हेडही पुसायचं.

आणि घालण्याआधी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं म्हणजे लिहायला बंदी. चुकून "फॉरमॅट करू का" असं विचारलं गेलं आणि हो म्हटलं गेलं, तरी फोटो शाबूत राहतात.

पुढचं वाचून दाखवा, मग उरलेलं सांगतो.

झुवारीपलीकडे

देव बरें करूं! विचारलं ते बरं झालं. अल्कोहोल आणते.

माटोळीवाली

मॅविका माझ्याकडे नव्हता, पण त्याच काळातला निकॉन कूलपिक्स ९५० होता, १९९९ चा, २ मेगापिक्सेल. धाग्यात चालेल ना?

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि चवथीला घरोघरी जाऊन माटोळीचे फोटो घ्यायचे. माटोळी म्हणजे रानातल्या फळाफुलांची आरास, गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, त्यामुळं साध्या कॅमेऱ्यानं काढायची तर जमिनीवर पाठ टेकूनच. कूलपिक्स ९५० चं अंग मधून फिरायचं, लेन्सचा अर्धा भाग वर फिरवून स्क्रीन आपल्या डोळ्यासमोर ठेवता यायची. देवासमोर उभं राहून, कुणाला अडचण न करता, खालून वर आख्खी माटोळी. दुसरं म्हणजे त्याचा मॅक्रो. दोन सेंटिमीटरपर्यंत जवळ गेलं तरी फोकस व्हायचा, कांगलांचा एकेक दाणा, घागऱ्याची शेंग, आंबाड्याच्या सालीवरचे डाग, सगळं सुरेख यायचं.

लाल रंगाशी मात्र त्या काळच्या सगळ्याच कॅमेऱ्यांचं वाकडं. कवंडाळाचं पिकलेलं फळ इतकं लाल की फोटोत नुसता सपाट लाल डाग. त्याच्या सालीवर फिकट रेघा असतात, ओळखायला त्याच महत्त्वाच्या, आणि नेमक्या त्याच जायच्या. मग मी उघड (एक्स्पोजर) एक-दोन पायऱ्या खाली आणायचे. बाकीची माटोळी काळवंडायची, पण रेघा दिसायच्या. एकाच माटोळीचे दोन फोटो, एक माटोळीसाठी, एक कवंडाळासाठी.

कार्ड ८ एमबीचं होतं, ते कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. घरी येऊन कॉम्प्युटरवर उतरवायचं, पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यामुळं माझे फोटो माझ्याकडे आहेत, आणि ज्यांच्या घरची माटोळी त्यांच्याकडे एकही नाही. मांडवीकाठ म्हणतात त्याच्या बरोबर उलट. माझ्या मनाला हे बरेच दिवस लागून आहे. त्यातली काही फळं आता बाजारातून आणावी लागतात, रान राहिलं नाही. त्या घरांना आपापल्या माटोळीचा फोटो मिळायला हवा. वाडा आणि वर्ष माझ्या वहीत आहे, यंदाच्या चवथीला प्रिंट घेऊन जाणार आहे.

पेडणेकार_९९

सोनीचा मॅविका १९८१ चा ना? जगातला पहिला डिजिटल कॅमेरा तोच, असं वाचलं होतं.

सर्किट_फोंडा

नाव तेच, यंत्र वेगळं. १९८१ ला सोनीनं दाखवलेला मॅविका डिजिटल नव्हता. तो व्हिडिओसारखं अॅनालॉग चित्र दोन इंची चुंबकीय चकतीवर घ्यायचा, बघायचं टीव्हीवर. फ्लॉपीवर जेपीईजी लिहिणारे १९९७ पासूनचे. पहिला म्हणायचा तर कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ ला बनवलेला, १०० बाय १०० पिक्सेलचा, फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद घेणारा. तो बाजारात कधी आला नाही.

लॅबमधला

म्हापशाच्या एका फोटो लॅबमध्ये मी बरीच वर्षं मशीनवर होतो. तुमच्या फ्लॉप्यांचं दुसरं टोक मी पाहिलंय.

लोक फ्लॉपी घेऊन यायचे आणि सहा बाय चारची प्रिंट मागायचे. ६४० पिक्सेल सहा इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम १०७ पडतात. एका माणसाचा छातीपर्यंतचा फोटो असेल तर चालून जायचा. पण लग्नाचा ग्रुप, तीस-चाळीस माणसं चार रांगांत, त्यात प्रत्येक चेहऱ्याला दहा-पंधरा पिक्सेल. नाक-डोळे कुठून येणार? कोण कुठं उभा होता ते साडीच्या रंगावरून ओळखायचं. मी सांगायचो, लहान प्रिंट घ्या, एका कागदावर दोन बसवतो. ऐकायचे थोडे.

म्हणून या धाग्यात एक गोष्ट ठासून सांगतो. त्याच समारंभाचा रोलही काढलेला असेल तर आधी निगेटिव्ह शोधा. ३५ एमएमच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये मॅविकाच्या फोटोच्या कित्येक पट तपशील आहे, आणि तीही कपाटात बुरशी खातेय. सगळं लक्ष फ्लॉपीकडे लावून निगेटिव्ह फेकून दिलेली माणसं मी पाहिलीत, जीव तुटतो. निगेटिव्ह उभ्या, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद तापवून परत वापरता येतात.

मांडवीकाठ

लॅबवाले दादा, पूर्ण मान्य. मुंजीचा, लग्नाचा रोल असेल तर तोच खरा.

पण रोल कशासाठी घालायचो आपण? समारंभासाठी. छत्तीस फोटो, धुलाई, प्रिंट, खर्च होता त्याला. राजांगणात तुळशीपाशी आजी सुपारी कातरत बसलीय यासाठी कोण रोल घालणार? न्हाणीबाहेरचा तांब्याचा भाणा, चिऱ्याची उघडी भिंत, बाजारातून आलेली आई हातात पिशवी घेऊन दारात उभी. हे फोटो मॅविकानं काढले, कारण फुकट होते, नको असतील तर पुसता येत होते. आमच्या घराचा जुना सोपा पुढं पाडला. त्याचा निगेटिव्हवर एकही फोटो नाही. आहे तो फक्त मॅविकाचा, तोही आत्येभावाला दिलेल्या फ्लॉपीतून परत मिळवलेला. ६४० बाय ४८० मध्ये दाराची कडी दिसते, उंबऱ्यावरची रांगोळी दिसते. मला तेवढं पुष्कळ.

लॅबमधला

हे पटलं. असल्या फोटोंना निगेटिव्ह नाहीच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. काउंटरवर असे फोटो प्रिंटला येतच नव्हते ना.

वाळपईवाट

एक विचारायचं होतं. माझ्याकडे ऑफिसातून आलेल्या काही "रिकाम्या" फ्लॉप्या आहेत, पुसलेल्या. त्यात काही निघेल?

सर्किट_फोंडा

पुसल्या कशा त्यावर आहे. नुसत्या फाइली डिलीट केल्या असतील किंवा क्विक फॉरमॅट मारला असेल, तर फक्त यादी पुसली जाते. फोटोंचे बाइट चकतीवर तसेच असतात, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पूर्ण फॉरमॅट केली असेल तर मात्र गेले.

पद्धत अशी. मूळ फ्लॉपीवर कुठलेही प्रयोग करायचे नाहीत. आधी तिची आख्खी इमेज, म्हणजे बाइटला बाइट नक्कल, एका फाइलीत काढायची, लिनक्सवर डीडीरेस्क्यू प्रोग्रॅम आहे, फुकट. तो वाचता येईल ते आधी वाचतो आणि अडलेल्या सेक्टरकडे (चकतीवरच्या तुकड्याकडे) परत परत येतो. चांगली फ्लॉपी असेल तर १४,७४,५६० बाइटची फाइल मिळते. मग त्या इमेजवर फोटोरेक हा प्रोग्रॅम चालवायचा. प्रत्येक जेपीईजी ठरावीक बाइटनी सुरू होते, ती सुरुवात शोधून तो फोटो बाहेर काढतो, यादी असो नसो. नावं जातात, तारखा जातात, फोटो मिळतात.

एका ड्राइव्हला वाचली नाही म्हणून फेकू नका. प्रत्येक ड्राइव्हचं हेड किंचित इकडंतिकडं बसलेलं असतं. दुसरा ड्राइव्ह बघा, जुन्या डेस्कटॉपमधला मिळाला तर उत्तम. आणि ज्या कॅमेऱ्यानं लिहिली तो चालू असेल तर खिटी उघडी ठेवून त्यातच घालून बघा. त्याच हेडनं लिहिलंय, वाचायची शक्यता त्यालाच जास्त. बॅटरी मेलीय म्हणून कॅमेरा भंगारात देऊ नका. एफडी७ ला हँडीकॅमचीच एनपी-एफ५५० चालते, आणि त्या मापाच्या बॅटऱ्या व्हिडिओच्या एलईडी दिव्यांसाठी आजही बनतात.

मांडवीकाठ

ज्यांच्या फ्लॉप्या वाचल्या जातील त्यांना एक विनंती. कॉपी करताना फाइलीची मूळ तारीख जपा. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर कुठल्या वर्षाची चवथ ते तिथूनच कळतं. आणि फ्लॉपीचं लेबल मोबाइलवर टिपून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. फोटोत कोण आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून लिहून काढा.

झुवारीपलीकडे

मंडळी, कळवायला उशीर झाला, पण वाचल्या! सगळ्या नाहीत. स्वच्छ होत्या त्या बहुतेक सरळ उघडल्या. "नाटक" लेबलवाल्या फ्लॉपीत आमच्या कुळाराच्या (माहेरच्या) जत्रेतलं नाटक आहे. रंगमंचावरचे फोटो अंधारे आणि हललेले, पण रंगपटातले फार छान आलेत. एकजण आरशासमोर मिशी चिकटवतोय, बाकीचे कॅमेऱ्याच्या स्क्रीनभोवती घोळका करून आपलाच फोटो बघतायत. (स्क्रीनचा फोटो कसा आला म्हणाल, तर घोळक्यामागे मोठा आरसा आहे, त्यात दिसतंय.) आई म्हणाली, बाबा नाटक संपल्यावर नटांना फ्लॉप्या वाटायचे, या डब्यातल्या उरलेल्या. म्हणजे दिलेल्या अजून त्या घरांत असतील. तीन घरं आईला आठवतायत, रविवारी जाणार आहोत.

सर्किटदादा, एक शंका. प्रत्येक फोटोबरोबर त्याच नावाची एक .४११ फाइल आहे, कशातच उघडत नाही. डिलीट करू? आणि "वरचा वाडा" फ्लॉपीत काही फोटो अर्ध्यावर राखाडी होतात.

सर्किट_फोंडा

डिलीट अजिबात करू नका. कॅमेऱ्यावर एकदम सहा फोटोंची यादी दिसायची ना, त्यासाठीचं ते बारकं चित्र. ६४ बाय ४८, प्रत्येक फाइल ४,६०८ बाइट, चार पिक्सेलमागे सहा बाइट. साध्या सॉफ्टवेअरला कळत नाही, पण उलगडून देणारे छोटे प्रोग्रॅम आहेत. ज्या फोटोची जेपीईजी अर्ध्यावर तुटलीय त्याची .४११ शाबूत असू शकते, कारण ती चकतीवर वेगळ्या जागी लिहिलेली असते. तेवढ्यावरून निदान खालच्या अर्ध्यात काय होतं ते कळेल.

राखाडी होतायत त्या फ्लॉपीवर वाचताना अडलेले सेक्टर असणार. ती परत अल्कोहोलनं पुसा, यावेळी दुसरी बाजू नीट बघा, आणि सरळ कॉपी न करता इमेज काढा. जमलं नाही तर फोंड्याला आणा, माझ्याकडे जुने तीन ड्राइव्ह जोडून ठेवलेत, तिन्हींवर आळीपाळीनं वाचून जुळवू.